‘चिंब’ला गोल करणाऱ्या ताईंना

ताई,

कादंबरी स्कॉटलंडमधली. जूनअखेर, तळ्याकाठच्या केबिनी आणि कॅरॅव्हॅन, आत धुमसणारी कुटुंबं, बाहेर पाऊस. आमचा मराठी अनुवाद तपासायला तुमच्याकडे यायच्या आधी दोन जाणकारांच्या हातांखालून गेला होता. एकांनी ‘पाऊस तो पाऊस’ म्हणून परत पाठवला, दुसऱ्यांनी जिथे तिथे ‘मुसळधार’ पेरून दिला. तुम्ही ‘चिंब’भोवती पेन्सिलीने गोल केलात आणि समासात तीनच शब्द लिहिलेत: ‘मोजे वाळत नाहीत.’

तिथून अख्खा मसुदा पुन्हा लिहावा लागला. चिंब म्हटलं की आपल्याला भुशी डॅम आणि कांदाभजी आठवते. आपल्याकडे पाऊस लागला की लोक सहलीला निघतात. तिथे बुकिंग शनिवार ते शनिवार, पैसे आगाऊ, पाऊस पडला म्हणून परत मिळत नाहीत. मग घरी कोण जाणार? नवराबायको आठवडाभर एकाच टेबलाशी अडकतात. हे ठाऊक नसेल तर त्यांचं भांडण नुसतं पोरकट वाटतं.

कॅरॅव्हॅनमधली बाई शेगडी पेटवून कपडे वाळवते आणि काचा आणखीच घामेजतात, हे वाक्य आम्ही लेखकाची चूक समजून चक्क गाळलं होतं! तुम्ही हिशेब मांडलात: शेगडीतला १ किलो प्रोपेन गॅस जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन खोलीतच राहतं, गार काचेवर तेच ओघळतं. त्यात गारठा नको म्हणून खालचे झरोके बुजवले तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठायची भीती. त्या प्रकरणातली धाकधूक कसली, ते तेव्हा कळलं.

संध्याकाळी सातच्या प्रसंगातली ‘तिन्हीसांज’ही गेली, तिकडे जूनअखेर सूर्य रात्री दहानंतर मावळतो, म्हणून तर पोरं झोपत नाहीत. पावसाळी हवेच्या स्कॉटिश शब्दांपैकी ‘स्मर’साठी भुरभुर, ‘ड्रीख’साठी कुंद हे तुमचेच शब्द.

परक्याचं काम इतकं बारीक वाचायचं, वर ‘माझं नाव छापू नका’ म्हणायचं, अशी माणसं भेटली की आधीच्या दोघांवरचा राग निम्मा होतो. निम्माच.

‘चिंब’ आता एकदाच उरलाय, शेवटच्या प्रकरणात, कुत्र्यासाठी. तेवढा तुम्ही राहू दिलात.

तुमचे ऋणी,
अनुवाद करणारे आम्ही दोघे