टिक करणारा हात कोणाचा?

महोदय,

ऑनलाइन माहितीचा वापर कसा होतो याबद्दल खेड्यातले लोक बेफिकीर आहेत, असं सांगणारा लेख रविवारच्या अंकात वाचला, पण तो काही पटला नाही. आमच्याकडे तालुक्याच्या दुकानात हप्त्यावर मोबाइल घेणाऱ्याचं आधार, पॅन, पासबुक सगळं काउंटरवरचा पोरगाच स्कॅन करतो, 'मी सहमत आहे'वर टिकही तोच करतो अन् मग गिऱ्हाइकांच्या गर्दीत "काका, ओटीपी सांगा" म्हणतो, काका फोन डोळ्यांपासून लांब धरून सहा आकडे मोठ्यानं वाचतात, झाली संमती! पुढच्या आठवड्यापासून कर्ज पाहिजे का म्हणून फोन सुरू, ऐन पऱ्हाटीच्या डवरणीत. बेफिकीर कोण मग? पोराला दोष देत नाही, त्याला टार्गेट असतं.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. संमतीची नोटीस इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यावी, दिलेली संमती परत घेता यावी, असं त्यात लिहिलंय, मराठी त्या २२ मध्ये आहेच. नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले अन् मुख्य तरतुदींना तिथून आणखी १८ महिने. तोवर निदान नंबर कोणाकोणाला जाणार एवढं तरी काउंटरवर मराठीत लिहून लावायला काय हरकत आहे? जागरूकतेची शिबिरं मग घ्या.

– एक वाचक, आर्णी, जि. यवतमाळ