रेसिडेंट डॉक्टरांना शिबिर नको, वॉर्डात मामा द्या

प्रति,
माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे बातमी होती की एका मेडिकल कॉलेजात रेसिडेंट डॉक्टरांसाठी, म्हणजे एमडी-एमएस शिकता शिकता वॉर्डात काम करणाऱ्या पोरांसाठी, ताणतणाव मुक्तीचं शिबिर झालं. फोटो नीट बघितला तर पुढच्या रांगेत मोठी माणसं हारतुऱ्यांसकट आणि मागच्या रांगेत तीन पोरं चक्क मान टाकून झोपलेली. हसू पण आलं आणि जीव पण तुटला. मी ३१ वर्षं सरकारी हॉस्पिटलात सिस्टर म्हणून काढलीत, त्यातली निम्मी मेडिसिन वॉर्डात, त्यामुळे नाईट करून आलेल्या पोराला दुपारी हॉलमध्ये बसवून "दीर्घ श्वास घ्या" सांगितलं तर तो काय करणार हे मला कुणी सांगायची गरज नाही.

बाहेरच्यांना वाटतं एमबीबीएस झालं, एमडीला नंबर लागला म्हणजे पोरगं मार्गाला लागलं. खरं हाल तिथून सुरू होतात. जेआर वन म्हणजे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, वॉर्डातला सगळ्यात खालचा माणूस. कागदावर तो शिकायला आलाय, प्रत्यक्षात दिवसभर काय करतो बघा. रक्त काढणं ठीक आहे, पण ते सॅम्पल लॅबला नेऊन देणं, रिपोर्ट आणायला परत जाणं, एक्स-रेला ट्रॉली ढकलणं, ब्लड बँकेच्या खिडकीत उभं राहणं, डिस्चार्ज कार्डं लिहिणं. यातलं डॉक्टरचं काम किती? आमच्या वॉर्डात एकेकाळी तिन्ही पाळ्यांना दोन मामा (म्हणजे वॉर्डबॉय) आणि एक मावशी (म्हणजे आया) असायचे, मी रिटायर होताना रात्री दोन वॉर्ड मिळून एक मामा उरला होता आणि तोही कंत्राटी, त्याचा पगार तीन तीन महिने नाही म्हणून तोही कधी यायचा कधी नाही. मग ट्रॉली कोण ढकलणार, जेआर वनच ना.

एक प्रसंग सांगते, हॉस्पिटलचं नाव घेत नाही. डेंग्यूचा सीझन होता, खाली गाद्या टाकून पेशंट झोपवलेले. आमचा एक जेआर वन सोमवारी सकाळी आठला आलेला, मंगळवार उजाडायला आला तरी पाठ टेकलेली नाही आणि पुढे मंगळवारचा राउंड, ओपीडी होतीच, म्हणजे संध्याकाळपर्यंत सुटका नाही. पहाटे साडेतीनला नवीन ॲडमिशनचे इंडोर पेपर त्याने माझ्याकडे दिले. मी बघते तर पेशंटच्या नावाच्या रकान्यात त्याने स्वतःचं नाव लिहिलेलं, वय २६, पुरुष, पत्ता पण गावचा. आणि पेशंट कोण तर साठीची म्हातारी. मी म्हटलं अहो डॉक्टर, तुम्हीच ॲडमिट होताय का? तो आधी हसला, मग काउंटरवर डोकं टेकवलं आणि रडायलाच लागला. मी चहा दिला, दहा मिनिटं झोप म्हटलं रे बाळा, तर चहा संपायच्या आत फोन वाजला. त्याच महिन्यात त्याच्या हातून लिहिलेला पोटॅशियमचा डोस मी दोनदा दुरुस्त करून घेतला. पोटॅशियम चुकलं तर काय होतं ते कुठल्याही सिस्टरला विचारा. त्याच्या आईचा फोन वॉर्डाच्या लँडलाईनवर यायचा, सिस्टर आमचा मुलगा जेवतो का हो. मी हो म्हणायचे. खोटं बोलायचे.

आता नियम नाहीत असं नाही बरं का. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी स्कीममध्ये दिवसाला साधारण १२ तास आणि आठवड्याला ४८ तास लिहिलेत. २०२३ च्या पीजीच्या, म्हणजे एमडी-एमएसच्या, नियमांत "वाजवी तास" असा शब्द आहे, वाजवी कुणाला वाजवी ते देवाला माहीत. २०२४ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनच्या टास्क फोर्सचा रिपोर्ट आला, त्यांच्या ऑनलाईन सर्व्हेत पीजीच्या ५,३३७ मुलामुलींनी उत्तरं दिली आणि त्यातल्या ३१ टक्क्यांहून जास्त जणांनी जीव द्यायचे विचार मनात येऊन गेल्याचं सांगितलं. त्यांनी ७४ तासांची मर्यादा सुचवली. म्हणजे ३२ वर्षांत ४८ वरून ७४ वर आलो आणि पोरांना तेही स्वप्नच वाटतं. जानेवारी २०२३ मध्ये मार्डचा, म्हणजे रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेचा, संप झाला तेव्हा मागणी काय होती, सिनिअर रेसिडेंटची १,४३२ पदं द्या. म्हणजे माणसं द्या. लोकांनी मात्र संप म्हटलं की शिव्या घातल्या.

सगळं कामाच्या तासांवर ढकलता येत नाही हेही मान्य. सिनिअरचं घालूनपाडून बोलणं, जातीवरून टोमणे, थीसिसवर सही अडवून ठेवणं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि सायकॅट्रीची ओपीडी त्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर असते तरी पोरं जात नाहीत, कसे जातील, केस पेपर काढायला खिडकीत नाव सांगायचं आणि आत बसलेला त्याचाच मेसमधला जोडीदार, दुसऱ्या दिवशी सगळ्या हॉस्टेलला माहीत. त्यांच्यासाठी कॉलेजबाहेरचा सायकॅट्रिस्ट ठेवा, तोपर्यंत टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात, तो ड्यूटी रूमच्या दारावर चिकटवा. शिबिराच्या बॅनरपेक्षा स्वस्त पडेल.

पण आधी मामा-मावशी भरा, रात्रीचा एक क्लार्क द्या. माझा अंदाज आहे की एवढ्यानेच जेआर वनला रात्रीत तीन-चार तास झोप मिळेल. आणि तुम्ही पेपरवाल्यांनी एवढं करा, शिबिराची बातमी छापताना त्या डिपार्टमेंटचा त्या आठवड्याचा ड्यूटीचा तक्ताही मागून घ्या आणि शेजारी छापा. वर्ग चारची, म्हणजे या मामा-मावशींची, भरती निघाली तर तीही पहिल्या पानावर येऊ द्या, आमच्या शेजारचा पोरगा दहावी होऊन तीन वर्षं वाट बघतोय.

आपली,
एक निवृत्त सिस्टर, वाई