बंदराविना आरमार

पुणे,
रविवार

प्रिय अव्या,

पत्र मिळालं. "आंग्र्यांनंतर आपल्या किनाऱ्यांवर इंग्रजांच्या आरमाराला कुणी घाम फोडलाच नाही," हे तुझं वाक्य वाचून गप्प बसवेना. एकाने फोडला होता. पण तो आपला नव्हे, फ्रेंच. पिएर आंद्रे द स्युफ्रें.

जन्म १७२९चा, दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स प्रांतातल्या सरदार घराण्यात. धाकट्या मुलांच्या वाट्याला जहागीर येत नसे, म्हणून हा कोवळ्या वयातच आरमारात गेला आणि माल्टाच्या धर्मयोद्ध्यांच्या पंथातही. दोनदा इंग्रजांच्या कैदेत पडला, १७४७ साली आणि १७५९ साली. हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागला तेव्हा पन्नाशी उलटलेली, अंगाने लठ्ठ, कपड्यालत्त्याची फिकीर नाही. वाटेत केप व्हर्देच्या प्राया बंदरात इंग्रज आरमार नांगरून पडलेलं दिसलं. बंदर पोर्तुगालचं, म्हणजे तटस्थ. याने विचारपूस न करता सरळ आत घुसून तोफा डागल्या. त्यामुळे इंग्रजांना उशीर झाला आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरची डचांची वसाहत, केप, वाचली.

पण मला खरी गंमत वाटते ती पुढची. फेब्रुवारी १७८२ ते जून १७८३ या काळात त्याने इंग्रज अॅडमिरल ह्यूजशी पाच लढाया केल्या: सद्रास, प्रोव्हिडियन, नागपट्टणम, लंकेतली त्रिंकोमाली, कडलूर. पाचांत मिळून दोन्हीकडचं एकही मोठं लढाऊ जहाज ना बुडालं, ना शत्रूच्या हाती लागलं. मग त्याचं एवढं कौतुक कशाला, असं तू विचारशीलच. तर ऐक. कोरोमंडलचा, म्हणजे आपला पूर्वेकडचा, किनारा म्हणजे उघडा समुद्र. ह्यूजच्या पाठीशी आपल्या मुंबईची गोदी होती, तिथे कोरड्या गोदीत जहाज चढवून तळ दुरुस्त करता येई. पावसाळी वादळांच्या दिवसांत ह्यूज तिकडेच निघून गेला. स्युफ्रेंची दुरुस्तीची जागा म्हणजे मॉरिशस, हजारो मैलांवर. तिकडे परत जा असा आग्रह झाला, पण गडी हलला नाही. आपण गेलो की इंग्रजांशी लढणारा फ्रेंचांचा दोस्त, म्हैसूरचा हैदर अली, एकटा पडतो, हे त्याला कळत होतं. मग लहान जहाजांच्या डोलकाठ्या काढून मोठ्यांवर चढव, कडलुरातली घरं पाडून त्यांचे वासे वापर, असं करत त्याने आरमार तरतं ठेवलं. ऑगस्टअखेर त्रिंकोमाली जिंकून घेतली, तेव्हा कुठे धड बंदर मिळालं. तरी तो हिवाळा त्याने सुमात्रातल्या आचेला काढला.

शत्रूपेक्षा त्याचे स्वतःचे कप्तानच त्याला जास्त जड गेले. तेही घराणेदार, याचा हुकूम पाळायला नाखूश. ऐन लढाईत दूर राहून तोफा वाजवायचे. नागपट्टणमला तर एका कप्तानाने जहाजाचं निशाणच उतरवलं, म्हणजे शरणागतीच. हाताखालच्या दोन अधिकाऱ्यांनी त्याला न जुमानता मारा चालू ठेवला, म्हणून जहाज वाचलं. स्युफ्रेंने चौघांना सरळ घरी पाठवलं. मला तर वाटतं, उशीरच केला.

जुलै १७८२मध्ये हैदर स्वतः फौज घेऊन कडलूरला त्याला भेटायला आला. पाहुण्याला मांडी घालता येईना, तेव्हा हैदरने त्याच्यासाठी उशा मागवल्या असं सांगतात. गंमत अशी की त्याआधीच मे महिन्यात महादजींनी इंग्रजांशी साल्बाईचा तह करून टाकला होता, आणि पुण्यात नाना त्याला मंजुरी द्यायला टाळाटाळ करत होते. हैदर डिसेंबरात वारला, तेव्हा कुठे नानांचं मन वळलं.

एका गोष्टीसाठी मात्र मी त्याला माफ करत नाही. मद्रासचा गव्हर्नर मॅकार्टनी कैद्यांची अदलाबदल करीना, आणि इतक्या माणसांना खाऊ घालायला याच्याकडे काही नाही. याने इंग्रज कैदी हैदरच्या हवाली केले. म्हैसूरच्या तुरुंगात त्यांचे जे हाल झाले, त्यातला वाटा याच्या पदरी घालावाच लागतो.

शेवटची लढाई २० जून १७८३ची. कडलुरात फ्रेंच सेनापती बुसी इंग्रज फौजेच्या वेढ्यात, समुद्रावर ह्यूजची अठरा जहाजं, याची पंधरा. खलाशी कमी, म्हणून बुसीकडून बाराशे शिपाई मागून घेऊन तोफांवर बसवले. ह्यूजला मद्रासकडे वळावं लागलं. आठवड्याभरातच बातमी आली की युरोपात तहाच्या मसुद्यावर जानेवारीतच सह्या झाल्यात! या लढाईत एवढं रक्त सांडलं ते सगळं तहानंतर.

परतीच्या वाटेवर केपला तेच इंग्रज कप्तान, ज्यांच्याशी हा वर्षभर झुंजला, याच्या जहाजावर अभिनंदनाला आले. राजाने खास त्याच्यासाठी व्हाइस अॅडमिरलचं चौथं पद निर्माण केलं, आणि १७८८ साली तो गेल्यावर ते बंद केलं.

आता तू आंग्र्यांची बाजू घेऊन लिहिणार, हे मला माहीत आहे. खुशाल लिही. पण १७५६ साली विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं, तेव्हा इंग्रजांच्या जोडीला पेशव्यांची फौजही होती, तेवढं मात्र वगळू नकोस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या