लँग्स्टन ह्यूजला घडवणारी आजी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला लँग्स्टन ह्यूजवरचा लेख वाचला. दलित साहित्याच्या चळवळीने अमेरिकेतल्या काळ्या लेखकांशी नाते जोडले, तेव्हापासून हे नाव आपल्याकडे परके राहिलेले नाही, म्हणून या कवीला भरपूर जागा दिलीत याचा आनंद आहे. पण लेख सुरू होतो तो थेट न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये. त्याआधीची सगळी वर्षे ‘गरिबीत गेलेले बालपण’ म्हणून आटोपली आहेत. घरात पैसा नव्हता हे खरे, पण त्या घरात जे होते ते फार थोड्या कवींच्या वाट्याला येते.

ह्यूजला वाढवले ते आजीने, कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी. तिचे नाव मेरी लँग्स्टन. तिचा पहिला नवरा लुईस शेरीडन लेअरी १८५९ मध्ये गुलामगिरी मोडायला निघालेल्या जॉन ब्राउनबरोबर हार्पर्स फेरी या गावातल्या सरकारी शस्त्रागारावर चालून गेला आणि मारला गेला. गोळ्यांनी भोके पडलेली त्याची शाल मेरीने जन्मभर जपली. ती शाल ती लहानग्या नातवाच्या अंगावर पांघरायची. दुसरा नवरा चार्ल्स लँग्स्टन, म्हणजे ह्यूजचे आजोबा. पळून आलेल्या एका गुलामाला सोडवल्याबद्दल ओहायोत त्यांना तुरुंगात जावे लागले होते.

म्हातारपणी आजी विद्यापीठातल्या मुलांना खोल्या भाड्याने देऊन घर चालवी, पण दुसऱ्यांच्या घरी धुण्या-स्वयंपाकाला गेली नाही. १९१० मध्ये माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ओसावाटोमीला जॉन ब्राउनच्या स्मरणार्थ भरलेल्या सभेला आले, तेव्हा तिला मानाने व्यासपीठावर बसवले होते. आजीच्या गोष्टींत कोणी कधी रडत नसे, माणसे राबत, बेत आखत, लढत, असे ह्यूजने आत्मचरित्रात लिहिले आहे. त्याच्या कवितेत दुःख पुष्कळ आहे, कीव मागणे नाही. हा ताठा मला तरी लॉरेन्सच्या त्या घरातलाच वाटतो.

आईही कमी नव्हती. टोपेकामध्ये मुलाला घराजवळच्या गोऱ्यांच्या शाळेत घेईनात, तेव्हा ती शिक्षण मंडळाशी भांडली आणि प्रवेश मिळवलाच. शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणारा १९५४ चा खटला पुढे याच शहरातून उभा राहिला.

वडील मात्र अमेरिका सोडून मेक्सिकोत स्थायिक झालेले, आणि आपल्याच लोकांचा तिरस्कार करणारे. १९२० मध्ये त्यांच्याकडे जाताना रेल्वे मिसिसिपी नदी ओलांडत होती. वडिलांच्या त्या तिरस्काराचा विचार करता करता ह्यूजने एका लिफाफ्याच्या पाठीवर ‘द निग्रो स्पीक्स ऑफ रिव्हर्स’ ही नद्यांवरची प्रसिद्ध कविता लिहिली. पुढच्या वर्षी ती ‘द क्रायसिस’ या मासिकात छापून आली. आपल्या लेखात या कवितेचे कौतुक आहे, पण ती कोणत्या प्रवासात सुचली याचा उल्लेख नाही.

आणखी एक. लेखात जन्मसाल १९०२ दिले आहे. बरीच वर्षे तसेच छापले जात होते. २०१८ मध्ये कॅन्ससमधल्या जुन्या वर्तमानपत्रांतल्या नोंदी पुढे आल्या आणि त्यांवरून ह्यूजचा जन्म १९०१ चा असल्याचे दिसले. तेवढी दुरुस्ती छापावी, आणि जमल्यास लॉरेन्समधल्या वर्षांवर एक स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

— एक नियमित वाचक, सातारा