शाखा खरी असेल तरच नकाशावर टाका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

"तुमचा धंदा सगळ्या शहरांत गुगलवर एक नंबरला आणून देतो" असले मेसेज आजकाल रोज येतात, आणि ज्यांच्या दोन-चार शहरांत शाखा आहेत असे आपल्याकडचे कितीतरी लोक, लॅबवाले, क्लासवाले, ट्रान्सपोर्टवाले, त्याला भुलून पैसे भरतात, म्हणून हे पत्र. मी एका श्रवणयंत्रांच्या सेंटरमध्ये ऑफिसचं काम बघते. पुणे, नाशिक, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर अशा चार ठिकाणी आमच्या शाखा आहेत आणि चारही शाखांची गुगलची प्रोफाइल, म्हणजे नकाशावर शाखेचं नाव, पत्ता, वेळा, फोन दिसतात ती नोंद, मीच सांभाळते. आमच्याकडे येणारे पेशंट बहुतेक म्हातारी माणसं, कुणी गडहिंग्लजहून येतं, कुणी सिन्नरहून, एसटीने, सोबत सून नाहीतर नातू, तोही कामावर खाडा करून आलेला. नकाशावर वेळ चुकीची असली, पत्ता चुकीचा असला की त्या माणसाचा अख्खा दिवस वाया जातो, आणि कानाला नीट ऐकू येत नसताना रस्त्यात कुणाला विचारत विचारत जाणं किती अवघड असतं ते आम्ही रोज बघतो.

तर पहिली गोष्ट ही की "सगळ्या शहरांत एक नंबर" असं काही नसतंच. मोबाइलवर "कानाचं मशीन" असं टाकलं की वर नकाशा येतो आणि खाली साधारण तीन नावं येतात, ती तीन नावं तुम्ही कुठे उभे आहात त्यावर बदलतात, कोथरूडमध्ये एक आणि हडपसरला दुसरी. गुगलने स्वतः सांगितलंय की तीन गोष्टी बघतो, शोधलेल्या गोष्टीशी तुमचं काम किती जुळतं, शोधणारा तुमच्यापासून किती लांब आहे आणि तुमचं नाव किती जाणतं आहे. पैसे देऊन या नकाशातला नंबर वर नेता येत नाही हेही त्यांनीच लिहून ठेवलंय, जाहिरात वेगळी, तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. म्हणजे पुण्यातलं हेड ऑफिस कितीही मोठं असलं तरी नाशिकच्या माणसाला ते दिसून उपयोग काय, त्याला नाशिकची शाखाच दिसायला हवी, आणि तिची माहिती तिची स्वतःची हवी.

इथेच असले मेसेज पाठवणारे एजन्सीवाले शॉर्टकट देतात. शाखा नाही? हरकत नाही, बाणेरला, नागपूरला को-वर्किंगवाल्याचा, म्हणजे ऑफिसची जागा वाटून देणाऱ्याचा, पत्ता भाड्याने घेऊ आणि नकाशावर पिन, म्हणजे शाखेची खूण, टाकू. मला याचा फार राग येतो. गुगलचा नियम स्पष्ट आहे, कामाच्या वेळेत तिथे तुमचा माणूस हजर पाहिजे, गिऱ्हाइकाला तिथे येता आलं पाहिजे, बाहेर तुमचा बोर्ड पाहिजे, पोस्ट बॉक्सचा पत्ता तर चालतच नाही. आणि तुम्ही घरी जाऊन सर्व्हिस देत असाल तर त्यासाठी वेगळी सोय आहेच, पत्ता लपवायचा आणि ज्या भागांत जाता ते भाग लिहायचे, वीसपर्यंत लिहिता येतात. मग खोटं ऑफिस कशाला? गुगलने पकडलं की प्रोफाइल सस्पेंड होतं, ते परत मिळवायला कागदपत्रं देत बसावं लागतं, पण त्याच्याही आधी एखादं म्हातारं माणूस त्या पत्त्यावर जाऊन कुलूप बघून परत गेलेलं असतं त्याचं काय?

नावाचंही तसंच. बोर्डावर जे नाव तेच प्रोफाइलवर हवं, चारही शहरांत सारखं, पण लोक "बेस्ट हिअरिंग एड सेंटर नाशिक स्वस्त दर" असलं सगळं नावातच कोंबतात. काही दिवस फायदा होतोही, खोटं कशाला बोलू, पण हे नियमात बसत नाही आणि कुणीही तक्रार केली की नाव बदललं जाऊ शकतं.

व्हेरिफिकेशन, म्हणजे शाखा खरी आहे याची गुगल करतं ती पडताळणी, त्याबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण फसवणूक इथेच होते. एकाच धंद्याच्या दहा किंवा जास्त शाखा असतील तर सगळ्यांचं एकत्र व्हेरिफिकेशन मागता येतं, आपल्यासारख्या चार-पाच शाखावाल्यांना प्रत्येक शाखेचं वेगळं करावं लागतं आणि हल्ली बरेचदा व्हिडिओ मागतात, मध्ये न तोडता एका दमात काढलेला, रस्ता, आजूबाजूची दुकानं, आपला बोर्ड, आतली मशिनं, शटरचं कुलूप आपण उघडतोय ते. हे पुण्यात बसून कुठली एजन्सी कोल्हापूरसाठी करणार? ते कोल्हापूरच्या शाखेतल्या माणसानेच करायचं असतं, आणि ते बरंच आहे. मालकी मात्र कंपनीच्या स्वतःच्या अकाउंटवर ठेवा, एजन्सीला फार तर मॅनेजर करा. आमच्या ओळखीच्या एका क्लासवाल्यांची सगळी प्रोफाइल एजन्सीने स्वतःच्या नावावर काढली होती, करार संपला तेव्हा ती द्यायला तयार नाहीत, कित्येक वर्षांचे रिव्ह्यू एजन्सीकडे अडकले. शाखा हलवली तर नवीन प्रोफाइल काढू नका, आहे त्यातच पत्ता बदला, आणि बंद झालेली शाखा "कायमची बंद" अशी मार्क करा, नाहीतर लोक जातच राहतात.

वेबसाइटवर प्रत्येक शाखेचं वेगळं पान हवं हे सगळेच सांगतात, पण तेच पान कॉपी करून पुण्याच्या जागी नाशिक लिहिलं तर ते पान कुणाच्याच कामाचं नाही, आणि शहराचं नाव बदलून काढलेल्या असल्या पानांच्या रांगा गुगल स्पॅममध्येच धरतं. त्या पानावर तिथलं काय ते लिहा ना. शाखा कॉलेज रोडला असेल तर लिहा, नाशिकरोड स्टेशनला उतरलात तर कॉलेज रोड बराच लांब आहे, सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडवर, उतरलात तर जवळ पडेल. कोल्हापूरला निपाणी-चिकोडीकडून पण पेशंट येतात, त्यांना सीबीएसवरून कसं यायचं ते लिहा. लिफ्ट आहे का, पायऱ्या किती, तिथे तपासणी करणारे कोणत्या वारी असतात. फोन नंबर शक्यतो त्या शाखेचाच पहिला द्या, कॉल सेंटरचा दुसरा. नाव-पत्ता-फोन वेबसाइटवर, गुगलवर, जस्टडायलवर सगळीकडे एकच असू द्या. ज्यांच्या व्हिजिटिंग कार्डवर गुगलच्या प्रोफाइलमधून मिळायची ती फुकटची वेबसाइट अजून छापलेली आहे त्यांनी ती बदला, मार्च २०२४ मध्येच ती बंद झाली.

शहरांच्या नावांचा प्रश्न आपल्याकडे खास आहे. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण शोधणारे अजून औरंगाबादही टाकतात, नुसतं "नगर" पण टाकतात. पत्त्यात आजचं अधिकृत नाव ठेवा आणि शाखेच्या पानावर मजकुरात एकदा जुनं नावही येऊ द्या, म्हणजे दोन्हीकडून माणूस पोचतो. आणि गिऱ्हाईक जसं बोलतं तसं पण लिहा, आमच्याकडे कुणी "श्रवणयंत्र" म्हणत येत नाही, "कानाची मशीन" म्हणूनच येतात, आणि आता तर मोबाइलला बोलूनच विचारतात.

वेळा दर सणाला तपासा, प्रत्येक शाखेच्या वेगळ्या. अनंत चतुर्दशीला पुण्यात लक्ष्मी रोडच्या आसपास गाडी नेता येत नाही, नवरात्रात कोल्हापूरला अंबाबाईच्या देवळाच्या भागात गर्दी असते, हे हेड ऑफिसच्या एका कॅलेंडरवर कसं दिसणार. नकाशावरच्या माहितीत कुणीही बदल सुचवू शकतं, म्हणून आठवड्यातून एकदा फोन नंबर तरी बघाच. २०१८ मध्ये नकाशावर बँकांचे नंबर बदलून लोकांना गंडवल्याच्या तक्रारी महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे आल्या होत्या. आपल्या शाखेच्या नावाखाली भलत्याचा नंबर लागला आणि कुणाचे पैसे गेले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायला सांगा.

रिव्ह्यू विकत घेऊ नका. पाच स्टार दिले तर मशीनच्या सेलचं (बॅटरीचं) पाकीट फ्री, असलं गुगलच्या नियमात बसत नाही, आणि आपल्या देशात पण ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढलंय, ते ऐच्छिक म्हणून आलं, पण वाचण्यासारखं आहे. वाईट रिव्ह्यू आला तर त्या शाखेने उत्तर द्यावं, पण पेशंटला काय झालंय ते त्या उत्तरात उघड करू नये, इतकी काळजी प्रत्येक दवाखान्याने घ्यायलाच हवी.

आपल्याला एक विनंती आहे. आपल्या जिल्हा आवृत्त्यांचे वार्ताहर गावोगाव फिरत असतात. आपापल्या शहरात नकाशावर दिसणारे दवाखाने, लॅब, कस्टमर केअर यांच्यातले काही पत्ते त्यांनी प्रत्यक्ष जाऊन बघावेत आणि तिथे काय सापडलं ते छापावं. खोट्या पिनची तक्रार गुगल मॅप्समध्ये बदल सुचवायच्या पर्यायात (Suggest an edit) जाऊन कुणालाही करता येते, ती कशी करायची याची एक चौकट फोटोंसकट दिलीत तर ज्येष्ठ वाचकांच्या घरातली तरुण मुलं ते काम पाच मिनिटांत करतील.

आपली,
एक वाचक, पुणे