ग्राहकाला अडवणाऱ्याला बोनस कोण देतं, तेही तपासा

मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी नाशिकमध्ये राहणारा सॉफ्टवेअर अभियंता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरोधी, म्हणजे अ‍ॅप आणि वेबसाइटवर ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांविरोधी, मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हा मनापासून आनंद झाला. खोटी घाई, न विचारता कार्टमध्ये आलेली वस्तू, सुटता न येणारी वर्गणी असे तेरा फसवे प्रकार त्यात नावानिशी आहेत. पण ही यादी स्क्रीनपाशीच थांबते. स्क्रीन तशी का बनते, हे कंपनीच्या अप्रेझलमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या कामाच्या मूल्यमापनात, लिहिलेलं असतं.

आमच्या धंद्यात टीमला तिमाहीचा आकडा मिळतो. कुणी रोज अ‍ॅप उघडणारे वाढवायचे, कुणी वर्गणी सोडणारे कमी करायचे. बढती आणि बोनस त्यावर. 'रद्द करा' हे बटण तीन पानं आत ढकललं की सोडणारे घटतात. पंचवटीतल्या एखाद्या आजोबांच्या खात्यातून नकळत पैसे जात राहतात आणि कंपनीच्या तक्त्यात ते 'टिकलेले ग्राहक' ठरतात! ते बटण हलवणारी मुलगी वाईट नसते. तिने नाही म्हटलं तर रेटिंग तिचं घसरतं आणि काम शेजारच्या टेबलावर जातं. मला हेच सर्वांत जास्त सलतं.

अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनवर खटला भरला. 'प्राइम' ही अ‍ॅमेझॉनची वर्गणी रद्द करणं सोपं करणारे बदल वरिष्ठांनी कमाई घटेल म्हणून रोखले, असा आरोप होता. सप्टेंबर २०२५ मध्ये २५० कोटी डॉलरवर तडजोड झाली.

आपल्याकडे जून २०२५ मध्ये कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःच स्वतःची तपासणी करायला सांगितलं गेलं. ज्याचा बोनस त्या बटणावर अवलंबून, तोच तपासणार? आणि दोनशे रुपयांसाठी सातपूरच्या कारखान्यातला कामगार पाळी बुडवून जिल्हा ग्राहक आयोगात जाणार नाही, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपल्या चौकशी अधिकाऱ्यांना कागदपत्रं मागवता येतात. तक्रार आली की स्क्रीनच्या फोटोंसोबत त्या टीमची टार्गेटं आणि बोनसचे निकषही मागवा. किती जणांनी वर्गणी रद्द करायला घेतली आणि किती जणांना ती करता आली, हे कंपन्यांना दर तिमाहीला जाहीर करायला लावा. आणि आतून माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याची नोकरी वाचेल अशी तरतूद करा. सांगायला तयार असलेले पुष्कळ आहेत.

आपला,
एक सॉफ्टवेअर अभियंता, नाशिक