चाल शेवटपर्यंत ऐकणाऱ्या साउंडवाल्या दादास

प्रिय दादा,

तुझं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं, तर उद्यापासून सहकारनगर ते सिंहगड रोडपर्यंतच्या भजनी मंडळांतल्या सगळ्या काकू 'माझ्या लॅपटॉपवर जरा ते रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकून दे ना' म्हणून तुला फोन करतील, आणि तुला नाही म्हणता येत नाही हे मी पाहिलंय. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत, कारण ज्यांनी माझ्या हातावर वाटाण्याच्या अक्षता ठेवल्या, त्यांनीही त्या चारचौघांतच ठेवल्या.

माझी मागणी काही फार नव्हती. बँकेतून निवृत्त झाले, पेटी वाजवते, संतांच्या अभंगांना स्वतः चाली लावते. त्या घरच्या घरी नीट रेकॉर्ड कराव्यात, पेटी वेगळी, आवाज वेगळा, मागे टाळ आणि तानपुरा, असं मनात होतं. त्यासाठी सॉफ्टवेअर लागतं इथवर कळलं. कोणतं घ्यावं, परवडेल असं कोणतं, एवढंच विचारत फिरले.

एका शिकवणीवाल्या संस्थेत सांगण्यात आलं की आधी कोर्स करा, मग सॉफ्टवेअरचं बोलू. फी ऐकून मी पाणी मागितलं. एका दुकानात 'नवशिकी आहे' म्हटल्याबरोबर नवा मॅक, कीबोर्ड, माइक आणि दोन स्पीकर असा कागद तयार झाला. चहा करायला शिकायचाय म्हणणाऱ्याला हॉटेल विकायला निघालेली माणसं! सॉफ्टवेअर कोणतं, हे त्या कागदावर शेवटपर्यंत आलंच नाही. तिसरा आमचा भाचा. 'मावशी, पैसे कशाला घालवतेस, पेनड्राइव्हवर क्रॅक आणून देतो,' म्हणाला. मी जन्मभर व्हाउचरं तपासली आहेत. चोरीच्या मालावर विठ्ठलाचं नाव गायचं, हे काही मला जमणार नव्हतं.

आणि सगळ्यांच्या बोलण्यात ते 'या वयात' होतंच. कुणी तोंडाने म्हणालं, कुणी नुसतं हसलं.

मग पालखीच्या मुक्कामात नाना पेठेत आमचं भजन होतं आणि साउंड तुझा होता. कार्यक्रम संपला, तू वायरी गुंडाळत होतास. मी सहज विचारलं. उत्तराची आशा खरं तर सोडलीच होती. तू कोणत्याही सॉफ्टवेअरचं नाव घेतलं नाहीस. म्हणालास, 'काकू, काय रेकॉर्ड करायचंय ते आधी ऐकवा.' मी फोनवरची एक चाल लावली. तू गळ्यातले हेडफोन कानाला लावलेस, वायर तशीच हातात धरून खाली बसलास आणि ऐकत राहिलास. टेम्पोवाला दोनदा हाका मारून गेला. मध्येच आमच्या कुकरची शिट्टी होते त्या रेकॉर्डिंगमध्ये, तिथे माझाच जीव वर-खाली झाला. तुला हसूसुद्धा आलं नाही. अभंग संपेपर्यंत तू हेडफोन काढले नाहीस.

आणि मग विचारलंस, 'चाल भूप रागात आहे, पण अंतऱ्यात एकदाच निषाद येतो. तो मुद्दाम घेतलाय ना?'

दादा, तो निषाद मी मुद्दामच घेतला आहे. भूपात मध्यम आणि निषाद हे स्वर वर्ज्य, हे मलाही ठाऊक आहे. पण त्या ओळीत देवाला थेट हाक आहे आणि तिथे मला भूप पुरेना. आमच्या मंडळात कितीजणींनी ती चाल गायली, कौतुकही केलं, पण तो स्वर कुणी विचारला नव्हता. तुला ते कसं कळलं, तू कुठे शिकलास, हे मी विचारलं नाही. त्या रात्री रिक्षात बसल्यावर डोळे भरून आले, एवढं मात्र आज सांगते.

सॉफ्टवेअरचं पुढे तू दहा मिनिटांत उरकलंस, कारण तोवर मला काय हवंय हे तुला कळलं होतं. गॅरेजबँड छान आणि फुकट, पण ते ॲपलच्या यंत्रांवरच चालतं आणि माझा लॅपटॉप विंडोजचा, तोही जुना. एलएमएमएस फुकट आहे, पण त्यात थेट गाणं रेकॉर्ड करायची सोय नाही. एफएल स्टुडिओ एकदा घेतलं की पुढचे अपडेट जन्मभर फुकट, सगळी तरुण पोरं तेच सांगतात, मात्र त्याच्या सगळ्यात स्वस्त आवृत्तीत आवाज रेकॉर्ड होत नाही. गाणारीने ते घेऊन करायचं काय? हे त्या दुकानात एकानेही सांगितलं नसतं. नुसतं रेकॉर्ड करून कापाकापी करायची तर ऑडॅसिटी पुरे, पण टाळ-तानपुरा सॉफ्टवेअरमधल्या वाद्यांवर कीबोर्डने वाजवून भरायचे असतील तर ती अपुरी पडेल. मग तू रीपर सुचवलंस. 60 दिवस पूर्ण वापरून बघा, एकही सोय झाकलेली नाही, पटलं तर 60 डॉलर भरा. ते दिवस उलटले तरी कुलूप लागत नाही, फक्त सुरू करताना आठवण करून देणारी खिडकी येते. म्हणजे माणसाच्या सचोटीवर सोडलेला व्यवहार! बँकेत आम्ही असा कधी केला नाही. ज्याने पूर्वी कॉम्प्युटरवर गाणी लावायचं विनॅम्प बनवलं, त्याच माणसाचं हे काम, असं तू सांगितलंस आणि मला एकदम ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दुपारी हळू आवाजात लागणारी नाट्यगीतं आठवली. पैसे मी भरले आहेत, पावती जपून ठेवली आहे.

वर तुझा सल्ला असा, की उरलेले पैसे सॉफ्टवेअरवर घालू नका, पुढेमागे माइक आणि इंटरफेसवर, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीवर, घाला. इंटरफेसबरोबर बऱ्याचदा ॲबलटन लाइव्ह या अशाच सॉफ्टवेअरची छोटी आवृत्ती फुकट येते, तिच्यासाठी वेगळे मोजू नका. आणि तोवर बेडरूममध्ये, कपड्यांच्या कपाटाचं दार उघडं ठेवून, मागे गोधडी टांगून गा, खोली कमी घुमेल. ती गोधडी आता तिथेच असते. यजमानांची कुरकुर चालू आहे.

स्वतःचाच आवाज हेडफोनमध्ये क्षणभर उशिरा येतो म्हणून मी घाबरून फोन केला, तेव्हा तू कुठल्याशा लग्नात होतास. मागे बँड वाजत होता. तरी थांबून बफर, म्हणजे लॅपटॉप आवाज जरा साठवून मग सोडतो तो साठा, कमी कसा करायचा ते सांगितलंस. 'नंतर बोलू' म्हणाला असतास तरी चाललं असतं.

एक गोष्ट तुझ्या निमित्ताने बोलून टाकते. आपल्याकडे कार्यक्रमाच्या शेवटी शाल-श्रीफळ अध्यक्षांना, देणगीदारांना, नगरसेवक आले तर आधी त्यांना. साउंडवाल्याचं नाव आभाराच्या कागदावर बहुतेक नसतंच. आवाज चांगला लागला तर त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही आणि माइक किंचाळला की अख्खा मांडव त्याच्याकडे वळून बघतो. ठरवताना घासाघीस, नंतर पैशांसाठी पंधरा दिवस 'उद्या या'. एवढं सोसूनही जो एका अनोळखी बाईची चाल शेवटपर्यंत ऐकतो, त्याला चांगुलपणाचं कसलं प्रशिक्षण मिळालेलं नसतं. घरातून येतं ते. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

तुझा निषाद रेकॉर्ड झाला आहे, कुकरशिवाय. फाइल पाठवते. आता रूपक तालातली एक चाल घेतली आहे, ठोके देणारा मेट्रोनोम 7 मात्रांचा लावला, पण 'खाली'वर, म्हणजे जिथे टाळी नसते तिथेच, ठोका पडतोय, समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, टाळी वाजतेय. रूपकाची सम 'खाली'वर असते हे त्या यंत्राला कसं समजवायचं, ते विचारायला रविवारी फोन करीन.

आणि हो, कोजागरीला आमच्या मंडळाचा साउंड तुझाच. अध्यक्षबाईंना सांगून ठेवलंय: भाव पाडायचा नाही, आणि ठरलेले पैसे त्याच रात्री, रोख.

तुझी,
पेटीवाली काकू, सहकारनगर